बंदीचे दिवस

म्हापशाच्या हॉस्पिटलात मी बिलं करते.
चार वर्षं झाली. काउंटर नंबर दोन.
सलाईनची किंमत मला पाठ आहे,
कापसाची, खाटेची,
रात्री बारानंतर चढवलेल्या हातमोज्यांची.
तेव्हा डॉक्टर व्हायला किती पडतात
ते मला कुणी सांगायला नको.
मी विचारून आलेय.

ऋजुता बॉस्टनहून म्हणाली, इथे असतो तसा कोर्स,
आधी दुसरंच काही शिकून बसलेल्यांसाठी.
दोन वर्षं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी,
अगदी मुळापासून.
एका रद्द बिलाच्या पाठीवर मी गुणाकार मांडला,
डॉलर गुणिले रुपये, हातचे धरत धरत.
पस्तीस लाख.
आणि एवढं भरून डॉक्टर नाहीच,
डॉक्टरकीच्या रांगेत उभं राहायचं
टोकन.

तिबिलिसीवाल्या एजंटने हॉटेलात बोलावून चहा दिला,
बर्फातली पांढऱ्या कोटांतली पोरं दाखवली.
बारावीला बायॉलॉजी नव्हतं? मॅडम, ते आपण बघून घेऊ.
'बघून घेऊ' कुठल्या रकान्यात भरतात
हे मला अजून कळलेलं नाही.

पणजीतला क्लास स्वस्त. एक लाख चाळीस, दोन हप्त्यांत.
दारावरची बाई म्हणाली,
पालकांनी बाहेर थांबायचं.
मी थांबले पाच मिनिटं.
मग सव्वीस वर्षांची मी
फुकटच्या फेरीने बेतीला परत आले,
स्कूटर आणि माशांच्या टोपल्यांमध्ये उभी राहून.

खरं तर हे सगळं कायतान पदेरामुळे.
त्याच्या बिलात नेब्युलायझर दोनदा लागला होता,
विचारायला वॉर्डात गेले.
वेरेकर डॉक्टरबाईंनी काय वाटलं कोण जाणे,
नळी माझ्या कानांत घातली. ऐक.
ताजा उंडो मोडताना वरचं कवच बोलतं ना,
तसं काहीतरी बोलत होतं
त्याच्या पाठीत, खाली, डावीकडे.
चाळीस वर्षं लोकांच्या दारात पाव देणारा माणूस
आणि आत हा आवाज.
मी नेब्युलायझर एकदाच लावला.
तो बरा होऊन गेला, आवाज माझ्याकडे राहिला.

पपांना सांगितलं तेव्हा ते मिंगेलचं इंजिन उघडून बसले होते.
मालीमच्या धक्क्यावर सगळ्या होड्या बांधलेल्या,
मासेमारीची बंदी.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले.
तसेच मिटलेले ठेवून सगळं ऐकलं त्यांनी,
पस्तीस लाख, तिबिलिसी, एक चाळीस.
वाटलं, आता आकड्यावर बोलतील.

"आनी कितले दीस बंद?"

म्हणजे?
म्हणजे पार्ट कितीला येतो ते नंतर, बाय.
होडी पाण्याबाहेर किती दिवस राहणार, ते आधी.
गिऱ्हाईक पार्टचे पैसे मोजतं
आणि बुडतं ते न गेलेल्या फेऱ्यांत.

मी हिशेब केला. नोकरी सोडली तर पगार, वर्षाला इतका.
गुणिले नऊ. दहा धरू.
हा आकडा ऋजुताच्या कोर्सपेक्षा फार लहान नव्हता
आणि तो कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता.
मी गप्प बसले.
पपांनी हात पुसले. म्हणाले, काम चालू ठेवून काय होतं ते बघ.
मग बराच वेळ काही नाही. मग, इंजिनाकडे बघत,
"हीं सगळीं बंदीतच उगडतात."

अजून काही ठरलेलं नाही.
बायॉलॉजी हा जादा विषय घेऊन
बारावीला बाहेरून बसायचा फॉर्म भरलाय,
फी एवढी किरकोळ
की पावती मी दोनदा तपासली.
शेजारच्या क्लॅफसनचं अकरावीचं पुस्तक आणलंय,
समासात त्याने फुटबॉलचे गोल लिहिलेत.
काउंटरवर गर्दी नसते तेव्हा
रद्द बिलांच्या पाठीवर बेडकाचं हृदय काढते.
तीन कप्पे.
तिसरा अजून नीट जमत नाही.