खांब नंबर सतरा

बॅग तीस किलोची चालते.
एकतीस झाली की काउंटरवरची मुलगी मान हलवते
आणि मी तिथेच फरशीवर बसून
वृषालीने मागवलेल्या बदामांचं पाकीट बाहेर काढतो.
माझं स्वतःचं वजन मात्र कुणी केलं नाही
बावीस वर्षांत.
सालमियाला उतरलो तेव्हा चौसष्ट,
आज एकोणनव्वद.
पंचवीस किलो जादा सामान
दर सुट्टीला नेलं, आणलं,
एक दिनारही न भरता.

हे सांगितलं कंपनीच्या मेडिकलमधल्या काट्याने.
डॉक्टर फारसं बोलला नाही.
त्याने फक्त वडिलांचं वय विचारलं,
म्हणजे गेले तेव्हाचं.

बाहेर चालावं तर ऑगस्ट.
पहाटे चारला छत्तीस,
आणि समुद्राकडून हवा अशी येते
की चष्म्यासमोर कुणी कुकरचं झाकण उघडलंय.
म्हणून तळघर धरलं, इमारतीखालचं पार्किंग.
खांब सतरापासून खांब सतरापर्यंत
दोनशे दहा पावलं.
लुकलुकती ट्यूब, टायरचा वास,
देवळाला घालाव्यात तशा
लोकांच्या प्राडोंना प्रदक्षिणा.

फेऱ्या मोजायला खडे.
लॉबीतल्या कुंडीतून उचललेले, पांढरे, बारा.
एक फेरी झाली की एक खडा खांबाच्या कठड्यावर.
मोबाइल मोजतो, पण तो खोटंही बोलू देतो,
बसल्या जागी हात हलवला तरी पावलं वाढतात.
खडा तिथवर जाऊनच ठेवावा लागतो.

पहिल्या महिन्यात अडीच किलो गेले.
दुसऱ्यात सातशे ग्रॅम.
तिसऱ्यात काटा खुंट्याला बांधल्यासारखा.
पट्ट्याला आधीच पाडून ठेवलेलं नवं भोक
रोज सकाळी माझ्याकडे बघायचं.

मग एकदा सातव्या फेरीला पाय भरून आले,
वर निघून आलो.
त्याच रात्री रायदचा निरोप समारंभ, कुनाफा.
पहिल्या तुकड्याला नको म्हटलं,
तिसऱ्यापर्यंत आवाज राहिला नाही.
दुसऱ्या दिवशी धुळीचं वादळ.
तिसऱ्या दिवशी वादळ नव्हतं.
चौथ्या दिवशी म्हटलं, सोमवारपासून.
सोमवारी आठवलं,
इथे आठवडा रविवारीच सुरू होतो,
म्हणजे हाही हुकलाच की.

वृषाली फोनवर विचारायची, चालतोयस ना?
हो, म्हणायचो.
तिकडे साताऱ्यात लाटणं क्षणभर थांबायचं,
मग परत फिरू लागायचं.

एकोणिसाव्या दिवशी
गाडीत राहिलेली फाइल आणायला पहाटेच खाली गेलो, चपला घालून.
खांबापाशी मोफिजुल, बादली, ओलं फडकं.
सहाच्या आत चोवीस गाड्या धुतो,
अंगावर मांस नावाला नाही.
त्याच्या देखत वजन उतरवायची
मला नेहमीच थोडी लाज वाटायची.
मान वर न करता म्हणाला,
"साब, सात हुआ था."

कठड्यावर सात खडे.
भोवतीची वादळाची धूळ पुसलेली,
एकेक खडा उचलून, पुसून
पुन्हा तिथेच, त्याच रांगेत.

मी मनातल्या मनात कधीच शून्यावर जाऊन बसलो होतो.
आणि त्याच्या हिशोबात
माझी आठवी फेरी चालूच होती,
जरा लांबली होती इतकंच.

फाइल कुणाच्या तरी बॉनेटवर ठेवली.
त्याने बादली पायाने सरकवली, वाट दिली.
चपलांचा फटक फटक आवाज तळघरभर,
मधेच धाप, मधेच बारा नंबरच्या गाडीचा अलार्म.
दोनशे दहा.

खिशात खडा नव्हता.
मोफिजुलने पाण्याच्या बाटलीचं
निळं झाकण काढून दिलं.

ठेवलं.
आठ.