आक्षेपार्ह नाही

एरंडोलच्या बाजारात तेव्हा माझं काम एवढंच:
कोण काय बोलला ते लिहायचं.
कानावर पेन्सिल, बगलेत सरकारी वही
आणि नजर मौलवी सलाहुद्दीन कागदींच्या दाढीवर.

घराणं कागद करणाऱ्यांचं. अंजनीच्या पाण्यात
गोणपाटाच्या चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या,
वाळल्या तावावर गोटा घासायचा चकाकेपर्यंत.
ह्यांनी गोटा सोडून किताब धरली,
आणि किताबातही काय, तर वाटणीचं गणित:
बाप मेला, मागे बायको, दोन मुली, एक भाऊ,
कोणाला आठवा, कोणाला किती.
लेवा पाटीलसुद्धा भांडण पेटलं
की त्यांच्या ओट्यावर येऊन बसत.
म्हणत, मौलवी हिशेबात मामा ओळखत नाही.

एकवीस सालच्या उन्हाळ्यात, भर बाजारात
ते मिरच्यांच्या ढिगाशेजारी उभे राहिले
आणि अहिराणीत बोलू लागले, ओट्यावर बोलत तसंच:
"मरेल माणूसना मालमाथीन पहिले कफन.
मंग देणं. मंग वारस.
आते सांगा भो, हाई जमीन ज्यासनी,
त्या मरेल शेतस का?
आनि हाई सरकार त्यासनं कोन लागस?"

एक म्हातारी मिरच्या तोलता तोलता थांबली,
तागडी अधांतरी.
मला कळलं. पेन्सिलीलाही कळलं.
मी लिहिलं: वारसाहक्कावर प्रवचन. आक्षेपार्ह नाही.

तीन बाजार तेच लिहिलं.
घरी भाकरी गोड लागायची. वाटायचं,
आपणही काहीतरी केलं.

मग धुळ्याहून साहेब आला.
मौलवींना खुर्ची दिली, सरबत दिलं,
छापील कागद पुढे सरकवला:
राजद्रोह धर्मात निषिद्ध, खाली फक्त सही.
मौलवींनी कागद बोटांत चोळला.
"गिरणीचा आहे," म्हणाले. "दोन पावसाळे टिकणार नाही."

साहेबाने माझी वही उघडली.
"तुम्ही तर वाटण्याच शिकवता. हवालदार तसं लिहितो."
मी मौलवींकडे पाहिलं. नुसती मान हलली असती
तर दोघंही जेवायला घरी असतो.

"नाही," ते म्हणाले. "मी तुमच्याबद्दल बोलत होतो.
हवालदाराला कळलं नाही, असं मी म्हणणार नाही.
पोरगा हुशार आहे."

त्यांना अठरा महिने. माझा पट्टा गेला.
बायको वर्षभर त्यांचं नाव घेऊ देईना,
आणि खरं सांगतो, मीही रात्री शिव्या घातल्या:
एवढीशी मान हलवायला काय जात होतं ह्या माणसाचं?

दिवाळीच्या सुमारास तुरुंगातून चिठ्ठी आली,
लेंग्याच्या नेफ्यात दडवून आणलेली,
घरून मागवलेल्या तावाचा तुकडा.
ना सलाम, ना माफी. नुसती मांडणी:
महिने अठरा.
हवालदार माझ्यासाठी खोटं बोलला, ते देणं आधी.
देणं वजा जाता बाकी
आणि पुढे शाईचा अंगठा उमटलेला. आकडा नाही.

तो तुकडा अजून आहे माझ्याजवळ.
गोटा घासलेली बाजू चकाकते.
कधीमधी मीच बाकी काढायला बसतो.
दर वेळी वेगळी येते.