पावती नंबर नाही

जिन्याखाली सात बाय पाच,
बल्ब ओढून आणलेला, पार कापडापर्यंत.
अब्बा म्हणायचे, दिसतं ते ठिगळ.
दिसत नाही ते रफू.
माहीममध्ये चाळीस वर्षं आम्ही
कुणाला दिसणार नाही असं काम करतोय.

आणि कोण हा विकी किंग ४४, तो लिहितो :
"कोट जाळला. उद्धट बाई. एक तारा."

आमच्याकडे इस्त्रीच नाही.

मी वही काढली. पावती नंबर, नाव, भोक कुठे, कशाने.
मांजरेकर वकिलांचा काळा गाऊन, कोपराला उंदीर.
धुरंधरबाईंचा शालू, पदरावर निरांजनाची ठिणगी.
कुणा पोराचा शर्ट, सिगारेट,
पुढे माझ्याच अक्षरात : आईला सांगायचं नाही.
विकी नाही. किंग नाही.
चव्वेचाळीस नंबरला एक नऊवारी निघाली.

उत्तर लिहायला बसले.
आधी शिव्या लिहिल्या, आमच्या कोकणीत. छान उतरल्या होत्या.
पुसल्या.
मग लिहिलं :
पावती नंबर कळवा. कोट घेऊन या.
जळला असेल तर भरून देते,
जळलेलं भरणं हाच माझा धंदा.
— हमीदा परकार.
कंपनीकडे तक्रारही केली. कंपनी म्हणाली,
तपासलं, आमच्या नियमात बसतं.
बसू दे.

पुढच्या पाच दिवसांत चाळीस माणसं आली.
दुकानात नाही, फोनमध्ये. सगळी पाच ताऱ्यांची.
"अप्रतिम सेवा."
"प्रशस्त जागा, उत्तम पार्किंग."
"पनीर थोडं कमी होतं, पण बिर्याणी एक नंबर."

मी इम्तियाजकडे पाहिलं. इम्तियाज भिंतीकडे पाहत होता.
"दोन हजारांत पन्नास देतात, खाला.
सगळेच घेतात. समोरचा ड्रायक्लीनरसुद्धा."
"म्हणजे अजून दहा यायचेत?"
"उद्या."
पैसे त्याने त्याच्या पगारातले घातले होते.
ओरडायचं तरी कसं.

रात्री बल्बाखाली एकेकाला घेतलं.
ताई, आपण आमच्याकडे आलेल्या नाहीत. तारे परत घ्यावेत.
दादा, इथे पार्किंग नाही,
एक गिऱ्हाईक आत असलं तर दुसरं पायरीवर थांबतं.
बिर्याणी ईदला मिळेल,
येताना काहीतरी फाटकं आणा.

"डोकं फिरलंय का खाला?
चांगलं लिहिणाऱ्याला कुणी खोडतं का?"
हातात एक शाल होती,
कुणीतरी आधी घरीच शिवलेली, जाड झगझगीत दोऱ्याने.
ती त्याच्यासमोर धरली.
भोक होतं तुरीच्या डाळीएवढं.
आता हा दोरा उसवते आहे
तर आजूबाजूची लोकर सोबत निघून येतेय.
तो बघत राहिला. मग त्याने कात्री पुढे केली.

खरं सांगायचं तर मीही लपवतेच.
धुरंधरबाई कशा लिहितील माझ्याबद्दल?
तो शालू लेकीच्या सासरी नवा म्हणून गेलाय.
वकीलसाहेब उंदराचं नाव तरी काढतील का?
माझं काम चांगलं झालं
तर माझ्याबद्दल कुणाला बोलताच येत नाही.
फक्त एवढंच, की धागा मी बाजारातून आणत नाही.
त्याच कापडाच्या आतल्या शिवणीतून काढते,
एकेक, श्वास धरून.

विकी किंग अजून तिथेच आहे.
त्याच्याखाली माझं उत्तर आहे.
कोट आलेला नाही.

शुक्रवारी एक नवीन आलं :
"पँट, गुडघा. काम ओळखू येत नाही.
फार दिवस लावतात. बाई बोलतात फार. तीन तारे."
वही पाहिली. पावती आठशे बारा, काटदरे,
राखाडी पँट, डावा गुडघा, स्कूटरवरून पडले.
नऊ दिवस लावले होते.
बोललेही असेन.

"काय लिहू खाला?"
"लिही, बरोबर आहे."