सांध्याची वाट

कराडात मंडईमागच्या बोळात
रविवारी माझ्या आधी सात जण.
हिंदुराव घोलपांचा चिंचेचा ओंडका
मधोमध झिजून परातीसारखा खोल झालाय.

माझ्या पिशवीत एका हाडाचा फोटो.
हरणाची तंगडी, पन्नास हजार वर्षांची,
युरोपातल्या कुठल्याशा गुहेतली.
कॉलेजात मी मुलांना सांगते, निअँडरथल,
हे बघा, दगडी पात्याचे ओरखडे.
त्यापुढचं मला येत नाही.

नंबर आला तसा फोटोच पुढे केला.
त्यांनी बनियनला हात पुसले, चष्मा चढवला
आणि सातबारा वाचावा तसं वाचू लागले.

"ह्यो घाईत न्हवता.
खुरापासनं सुरवात, कातडं मोज्यावानी उतरवलंय.
हितं शीर तोडली.
आन् हितं बगा, सांदा गावला न्हाय,
चुकलं, परत मारलं, परत चुकलं.
पोरगं असंल. शिकत असंल.
बाजूला उभा असणार कुणीतरी, शिव्या देत."

मी म्हटलं, नुसता लाकडी भाला, टोक तासलेलं.
अरुंद खिंडीत कळप वळवायचा
आणि अगदी जवळ जाऊन खुपसायचा.
त्यांची स्वतःची हाडंही मोडलेली सापडतात,
मोडून पुन्हा जुळलेली.

हिंदुरावांनी बाही वर सारून दंड दाखवला.
"बोकडाचं शिंग. चौऱ्याऐंशी साली."

मागून कुणी म्हणालं, बाई, शाळा सुटली का?
तरी मी थांबले नाही.
कातडं घासून पांघरायचे, म्हटलं,
कासव त्याच्याच पाठीत भाजायचे,
हाडाच्या तुकड्यानं पात्याला पुन्हा धार काढायचे.
"म्हंजे शिकलगार बी त्योच."
मांस पुढच्या दातांत धरायचं, ओठांपाशी पातं चालवायचं.
दातांवर तिरप्या रेघा राहिल्यात, उजव्या हाताच्या.

तेवढ्यात पिशवीचा सुतळीचा तोडा
त्यांनी दातांत धरला, सुरी लावली,
आणि तसेच थांबले,
सुतळी दातांत, डोळे माझ्याकडे.

"अण्णांस्नी काय?"
दात काढलेत सगळे. कवळी बसत नाही.

त्यांनी एक नळी निवडली, वजनात धरली नाही.
सत्तूर उलटा करून एकच ठोका.
"फुटाय पायजे, भुगा न्हाय."

तिथंही एक म्हातारा सापडलाय, मी निघताना म्हटलं,
दात गेल्यावरही बरीच वर्षं जगलेला.
हिंदुराव पुढच्याचं वजन करत होते.
"मग नळी त्येलाच," एवढंच म्हणाले,
जसा काही त्या घराशी जुना व्यवहार होता.

दुपारी अण्णांनी आळणी प्यायली, भात कालवून,
आणि भिंतीला टेकून तिथंच झोपले.
मी नळी धुतली, भिंगाखाली धरली.
सांधा अचूक सुटलेला.
ठोका एकच, परत मारलेलं कुठं नाही.
फक्त आतल्या कडेला एक बारीक ओरखडा,
वाकडा, नवशिक्या हाताचा.

तो माझ्या चमच्याचा.