निशाणी क्रमांक तीन

चौकट जाळू नका, मुतगेकर वकीलबाई म्हणाल्या.
ती आता चौकट नाही, पुरावा आहे.

म्हणून माजघराच्या दाराची डावी बाही
गोणपाटात गुंडाळून
अनगोळहून रिक्षानं आणलीय मी.
वाटेत माती सांडली थोडी.

उद्यमबागेत तीस वर्षं फौंड्रीचे पॅटर्न घडवले.
लाकूड नखानं वाजवून सांगायचो, आत काय आहे.
घरच्या सागवानाला मात्र कान लावला नाही;
कपाटात पाच वर्षांची हमी होती,
शिक्क्यासकट.

पावती कानडीत.
'गेद्दलु' म्हणजे वाळवी, एवढं मलाही येतं.
पुढचं शेजारच्या इराण्णानं वाचलं:
भोकं एकशे वीस, औषध चाळीस लिटर.
फरशीवर गुडघे टेकून मोजली. एकतीस.
बाकीची त्यांनी कागदावरच मारली होती.

'मुदत दोन वर्षं,' वकीलबाई सांगतात,
'नुकसान कळल्या दिवसापासून.
कधी कळलं?'

नातू बूट घालताना दाराला टेकला
आणि लाकूड आत गेलं
पापडासारखं, तेव्हा?
की त्याच्या कितीतरी आधी,
शेवंता अंधारात म्हणाली होती,
काहीतरी कुरतडतंय हो,
आणि मी कूस बदलून म्हणालो होतो, झोप?

अर्जात तारखेचा रकाना एकच आहे.