टेरेसवर माती आणू नये

नोटीस मीच लिहिली होती.
सेक्रेटरी या नात्याने, निळ्या शाईत,
लिफ्टशेजारी चार पिनांनी टोचून:
टेरेसवर माती आणू नये. स्लॅब गळतो.

एस्पेरान्सबाईंनी ती वाचली नाही.
त्या लिफ्टने येतच नाहीत.
जिन्याने येतात, कमरेवर बादली,
इमारतीमागे गटाराकाठी उरलेली
हातभर शेताची माती घेऊन
पाच मजले.

ताळगावात इथं वांगी व्हायची,
एकेक नारळाएवढं.
शेताच्या बदल्यात त्यांना मिळाला फ्लॅट एकशे दोन
आणि एक पार्किंग,
ज्यात गाडी नाही, सासऱ्यांचा नांगर उभा असतो.
मेंटेनन्स त्याचाही भरतात, एक तारखेला,
सुट्या पैशांसकट.

वर थर्माकोलचे खोके, मालिमच्या जेटीवरून आणलेले,
कितीही धुतले तरी बांगड्याचा वास न सोडणारे.
त्यात तांबडी भाजी, मुळा,
अळसांद्याचा वेल कुणाच्या तरी मेलेल्या डिश अँटेनावर,
आणि वांगी, त्याच शेतातली.
अकरा वर्षं बाल्कनीत, एका कुंडीत एक झाड लावत
बी जागं ठेवलेलं.

मी वर गेलो, घसा खाकरला, नियम सांगितला.
त्या खुरपं न थांबवता म्हणाल्या,
"शेत वचूंक ना रे पुता, वयर चडलां."

मग मे आला.
माझ्या बेडरूमचा स्लॅब रात्री दोनला तव्यासारखा,
पंखा नुसता गरम हवा ढवळत बसलेला.
पाणी प्यायला उठलो, हॉलच्या कोपऱ्यात पोचलो
आणि तिथेच उभा राहिलो.
वर हात लावून पाहिला, स्टुलावर चढून.
बरोबर तिच्या वाफ्यांखाली
सिमेंट माणसाच्या कपाळाइतकं गार.
त्या रात्रीपासून गादी हॉलमध्ये.
बायकोला सांगितलं, पाठ दुखते.

जुलैत चोर्ल्याला दरड आली, अनमोडलाही रस्ता खचला.
बेळगावचे ट्रक चार दिवस पलीकडेच.
गाड्यावर उरले बटाटे
आणि कोथिंबिरीच्या नावाने एक ओला गोणपाट.
आपण किती ट्रकांवर जेवतो
हे तोवर कुणी मोजलं नव्हतं.
वजनाचा मुद्दा काढणारे तीनशे एकचे नायक
छत्री घेऊन टेरेसवर गेले
आणि सात शिरांची भेंडी खिशात घालून उतरले.
लिफ्टमध्ये आम्ही दोघं छताकडे बघत होतो.
माझ्या पिशवीत अळू होतं.

सगळ्यांना पुरलं असं नाही.
बावीस घरं, चौदा खोके.
एस्पेरान्सबाईंनी आधी दिलं
वॉचमन सुक्रूच्या बायकोला, तिला दिवस गेलेत म्हणून.
यावरूनही एक तक्रार आली. फाइलला लावली आहे.

वार्षिक सभेत ठराव सात: टेरेस मोकळा करणे.
मी चष्मा शोधत राहिलो,
चहा आला, ठराव पुढे गेला.

आता पहाटे पाचला
माझ्या डोक्यावर कुणीतरी चपला काढतं,
मग अनवाणी पावलं, ओळीने, सावकाश,
मग पाणी.
कोपऱ्यात एक थेंब पडतो, उशीपासून वीतभर.
टाकीचा असेल. मातीचाही असेल.
मी उठून खाली टोप लावतो.
भरला की जिन्याने वर नेतो.