वाढली

रात्री दहाला अंबडच्या भट्टीत
बत्तीस काचा उभ्या केल्या, मधे बोटभर जागा सोडून.
दोनशे साठ अंश. तिथून पुढे दोन तास.
बाकी काही करायचं नसतं,
कान उघडे ठेवायचे.

काचेत कधी कधी एक खडा राहून जातो,
निकेल आणि गंधकाचा,
मोहरीहून लहान.
टफन करताना घाईत गार होतो, आखडून बसतो.
मग कुणाच्या तरी बाथरूममध्ये
तीन वर्षांनी, भर दुपारी,
कुणी हातही लावलेला नसताना
त्याला पाय पसरायची आठवण होते.

रऊफचाचा मणियार माझ्या आधीपासून या भट्टीवर.
भद्रकालीत त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं.
माझ्या पहिल्याच आठवड्यात आतून फटाका वाजला,
मी रजिस्टरात लिहिलं, एक फुटली.
त्यांनी हातातलं पेन काढून घेतलं.
"फुटली म्हणू नये पोरी. वाढली म्हणावं."
मी हसले.
आईही मनगटावरची पिचली की हेच म्हणायची,
अशुभ तोंडातून जाऊ नये म्हणून.
पुढे लॅबमधल्या अहेरसरांनी पाठकोऱ्या कागदावर आकृती काढली.
खडा खरंच वाढतो.
शंभरात दोन-चार भाग.
तेवढ्यात अख्खं दार जातं.

आज साडेदहालाच फोन.
पाथर्डी फाट्याचं हॉटेल, नवव्या मजल्याचा कठडा,
गाडी गेटवर उभी आहे,
शिक्का मारा आणि सोडा, एवढ्या वर्षांत काय झालंय?
शिक्का माझ्या डब्यात असतो, पोळ्यांच्या खाली.
मी म्हटलं, रेंज नाही, आवाज तुटतोय.
चाचांनी चहा ओतला. बशीत. माझ्याकडे न बघता.

एक वाजून दहा मिनिटांनी
आत कुणीतरी टाळी दिली.
एकदाच.

पहाटे भट्टी निवाली, दार उघडलं.
अकरा नंबरची जागा रिकामी,
खाली खडीसाखरेचा ढीग, अजून कोमट.
मी लिहिलं: क्र. ११, वाढली.
एकतीस काचांवर शिक्का मारला
आणि गाडीकडे गेले.

ड्रायव्हर गाढ झोपेत होता,
गाल खिडकीच्या काचेला टेकलेला,
श्वासाचं धुकं येत-जात.
उठवायला हात वर केला,
काचेपाशी थांबला.
मग खालच्या पत्र्यावर वाजवलं.